भरल्या अंगाची अब्रू

शहापूरच्या गल्लीत एखाद्या बाईची चोळी सैल झाली, की लोकांना आधी आजार आठवत नाही, सासर आठवतं. १९७९ सालच्या श्रावणात मालुबाईची चोळी सैल झाली आणि गल्लीनं निकाल देऊन टाकला, की भावकू बायकोला पोटभर खायला घालत नाही.

हा निकाल कडोलीला, मालुबाईच्या माहेरी पोचवायचं काम शेजारच्या मनुबाईनं केलं. मनुबाई मनानं वाईट नव्हती. तिची नणंद कडोलीत दिलेली, तिच्याकडं गेली असताना ती सहज सांगून आली, "तुमची मालू पार वाळली ओ, गळ्याची हाडं दिसायलीत."

दुसऱ्याच दिवशी मालुबाईचा थोरला भाऊ रवळू दोन चुलतभावांना घेऊन दारात हजर झाला. पुढच्या सोप्यात भावकूचे दोन माग चालू होते. त्या खडखडाटात बोलणं ऐकू जाईना, म्हणून रवळूनं ते थांबवायला लावले. त्यामुळं पुढचं सगळं घराबरोबर गल्लीनंही ऐकलं.

"दाजी, आमची भन जड झाली असंल तर तसं सांगा. आमच्या घरात एक ताट जास्त वाढायला काय कमी न्हाय."

भावकू मुळात कमी बोलणारा. तो मागावरचे धागे सारखे करत उभा राहिला. मालुबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिनं भावाला समजावायला सुरुवात केली, की मला साखरेचा आजार आहे, डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलंय, मी माझ्या मनानं कमी खाते. रवळूनं तिला पुरतं बोलूही दिलं नाही. सासरची लाज राखायला बोलतेस, गप्प बस, म्हणाला. ज्या बाईसाठी ही माणसं भांडायला आली होती, त्या बाईचंच म्हणणं त्यांना नको होतं! ती गप्प राहिली असती तर दडपली म्हणाले असते. बोलली, तर पढवली म्हणाले.

खरी हकिगत अशी होती. आदल्या दिवाळीत मालुबाईला तहान सहन होईना. घागरभर पाणी पोटात जायचं आणि सारखं लघवीला धावावं लागायचं. माळ्याचा जिना चढली की धाप लागायची. तिच्या आईचं दुखणं असंच सुरू झालं होतं. आधी पायाचं बोट काळं पडलं, मग पाय कापला, आणि वर्षाच्या आत आई गेली. त्यामुळं मालुबाईनं चालढकल केली नाही. ती खडेबाजारात डॉ. अंजना कांबळ्यांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई निपाणीच्या. आईनं विड्या वळून शिकवलेल्या. बोलणं रोखठोक.

त्यांनी नळीत निळं द्रावण घेतलं, त्यात लघवीचे थोडे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि शेवटी खाली विटेसारखा लाल गाळ बसला. जितका रंग लालीकडं झुकतो तितकी लघवीत साखर जास्त. रक्तदाबही वाढलेला होता. काट्यावर वजन भरलं अठ्ठ्याऐंशी किलो. डॉक्टरांनी सांगितलं, "वजन उतरवा, पण हळूहळू."

मालुबाईनं यातलं 'उतरवा' एवढंच ऐकलं. तिनं उपास धरला. सकाळी चहा, संध्याकाळी केळं, बस्स. काही दिवसांत ती नळावर घागर भरताना चक्कर येऊन पडली. उपास सुटला, आणि सुटला तो असा, की उपासात गेलेलं वजन व्याजासकट परत आलं. डॉक्टर तेव्हा तिच्यावर चिडल्या. त्यांनी सांगितलं ते मात्र तिच्या डोक्यात पक्कं बसलं. उपाशी मारलेलं शरीर चरबीबरोबर मांसही खातं, आणि साखर जाळायचं निम्मं काम तर हे मांसच करतं. पोटाभोवती साचलेली चरबी रक्तातली साखर आवरणाऱ्या इन्शुलिनला काम करू देत नाही. ती थोडी जरी उतरली तरी शरीरातलंच इन्शुलिन पुन्हा लागू पडायला लागतं. त्यासाठी बाईनं काडी व्हायची गरज नाही. अठ्ठ्याऐंशीतले सात-आठ किलो सावकाश उतरले आणि तसेच राहिले, तरी खूप फरक पडतो.

मग मालुबाईनं भात कमी केला, चहातली साखर बंद केली. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, उसळ, ताक पोटाला पुरेल एवढं ठेवलं. रोज सकाळी वडगावच्या रस्त्यानं चालून यायला लागली. महिन्याला किलो-दीड किलो, कधी तेवढंही नाही. पण नळीतला रंग लालाचा नारिंगी झाला, मग हिरवट, आणि श्रावणात तो निळाच्या निळा राहिला. रक्तदाब उतरला. जिना चढून माळ्यावर गेली तरी धाप लागेना. वजन तेव्हा ऐंशी किलो होतं. ऐंशी किलोच्या बाईच्या गळ्याची हाडं मनुबाईला कुठून दिसली, हे तिचं तिलाच ठाऊक!

पण गल्लीला नळीतला रंग दिसत नव्हता. गल्लीला चोळी दिसत होती. आणि आपल्याकडं लेकीबाळीचं भरलेलं अंग ही तिची तब्येत नसते. ती सासरची अब्रू असते आणि माहेरची ऐपत असते. हिशेबात बाई सोडून बाकी सगळे असतात.

रवळू बहिणीला न्यायलाच आला होता. भावकू मान खाली घालून म्हणाला, "जाऊन ये जा. न्हायतर मला या गल्लीत तोंड दाखवायला जागा राहणार न्हाय." मालुबाईला भावापेक्षा जास्त राग त्या क्षणी नवऱ्याचा आला. त्याला सगळं माहीत होतं.

कडोलीत तिचं जे झालं त्याला लोक प्रेम म्हणतात. वहिनी नागुबाई रोज काही ना काही गोड करायची. शेंगदाण्याच्या पोळ्या, तांदळाची खीर, भाकरीवर लोण्याचा गोळा. नको म्हटलं की रवळू आपलंही ताट सारायचा, "तू खाईत न्हाईस, तर मी बी उठलो." मालुबाई खायची. दुपारी शेजारणी बघायला यायच्या, हनुवटीला हात लावून म्हणायच्या, आता कसं तेज आलं बघा. सकाळी चालायला निघावं तर रवळू आडवा यायचा. माहेरवाशीण रस्त्यानं एकटी फिरली तर लोक काय म्हणतील? भावानं हौसेनं आणलेल्या नव्या चपलेनं अंगठा सोलला. गणपती होऊन गेले तरी ती जखम ओलीच. आणि तहान परत आली.

मग तिनंच म्हटलं, मला डॉक्टरकडं ने. रवळूला आनंदच झाला. त्याला आपला पराक्रम दाखवायचा होता. दवाखान्यात पाय टाकल्या टाकल्या तो म्हणाला, "बघा डॉक्टरीणबाई, आमच्या भनीच्या अंगावर कसं मूठभर मांस चढलंय!"

अंजनाबाईंनी मालुबाईला काट्यावर उभी केली. मग नळी दिव्यावर धरली. महिन्यापूर्वी निळं राहिलेलं द्रावण बघता बघता विटेच्या रंगाचं झालं. मग त्या वाकल्या आणि तिच्या अंगठ्याकडं कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"तुमचं औषध खराब झालं असंल," रवळू म्हणाला.

डॉक्टरांनी दुसरी नळी घेतली, तेच द्रावण, त्यात नुसतं पाणी घातलं आणि ते उकळून दाखवलं. निळंच राहिलं. मग दोन्ही नळ्या त्याच्या डोळ्यांसमोर धरल्या.

"औषध खराब नाही, पाव्हणं. तुमचा लाड खराब आहे. हिनं एकेक घास आवरून नऊ महिन्यांत जे मिळवलं, ते तुम्ही एका महिन्यात घालवलं. वजन चार किलोच वाढलंय, तुम्हाला ते थोडं वाटेल. पण साखर कुठल्या कुठं गेलीय बघा. ही जखम त्या साखरेमुळंच भरेना."

रवळू गोंधळला, पण हटला नाही. माहेरी येऊन पोरगी वाळकीच परत गेली तर चार लोक आमच्या तोंडावर थुंकतील, म्हणाला.

आतापर्यंत स्टुलावर पाय ठेवून बसलेली मालुबाई उठून उभी राहिली.

"थुंकू देत की! अण्णा, आईचा पाय कापला तवा ते चार लोक कुठं होते रं? आईनं नको म्हटलं तरी तू आन् मी मिळून तिला लाडू भरवत होतो. भरलेलं अंग बघून आपुन खूश होतो, आन् आत तिचा पाय सडत हुता. आता माझा पाय गेल्यावर तुझी हौस फिटणार हाय व्हय? भरल्या अंगानं मेले म्हंजे तुझी अब्रू राहिली?"

बाहेर बाकावर बसलेले रोगी वळून बघायला लागले. रवळू भिंतीला टेकला. आईचं नाव कडोलीच्या घरात कुणी असं काढलं नव्हतं. तो डॉक्टरांना एवढंच विचारू शकला, पाय राहील का. डॉक्टरांनी खोटा धीर दिला नाही. रोज येऊन जखम धुऊन घ्यायची, सध्या गोळी चालू करायची, पथ्य पहिल्यासारखं, मग बहुतेक राहील, म्हणाल्या.

रवळू बहिणीला कडोलीला न नेता तडक शहापूरला घेऊन आला. गल्लीच्या तोंडाशी मनुबाई आणि आणखी दोघी-तिघी उभ्या होत्या. त्यांच्यादेखत तो भावकूला म्हणाला, "दाजी, तुम्ही हिला उपाशी न्हवतं ठेवलं. मीच हिला खायला घालून आजारी पाडलं." मग बहिणीकडं वळला. "चुकलं गं माझं."

मालुबाईचा राग उतरला नव्हता. "तू चुकलं म्हणालास म्हणून साखर उतरत न्हाय, अण्णा," ती म्हणाली. "ती परत पहिल्यापासनं, हळूहळूच उतरवायला लागणार." भावकूकडंही तिनं त्याच रागानं बघितलं. तो तिचा हात धरून तिला आत घेऊन गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सायकलवर बसवून दवाखान्यात न्यायला लागला.

जखम दसऱ्याच्या पुढं भरली. नळीतला रंग हिरवा व्हायला संक्रांत उजाडली.

त्या उन्हाळ्यात रवळूच्या पुतण्याचं लग्न झालं. जिलेब्यांचं ताट घेऊन रवळू पंगतीत वाढत होता. एका स्थूल पाहुण्यानं पानावर आडवा हात धरला. पूर्वीच्या रवळूनं तो हात बाजूला सारून दोन जिलेब्या घातल्या असत्या. या खेपेला तो "बरं" म्हणून पुढं गेला. पाहुण्यानं वळून त्याच्याकडं आश्चर्यानं बघितलं. त्याचा आडवा हात आजवर कुणी मानलाच नव्हता.

बंधू-भगिनींनो, आपल्या पंगतीत असे किती आडवे हात आपण बाजूला सारले, ते आठवा. वजन उतरवणारं माणूस हळू चालतं, त्याला वेळ लागतो, आणि त्याची कमाई बाहेरून दिसत नाही. त्याला मदत करता येत नसेल तर निदान त्याच्या वाटेत ताट घेऊन उभे राहू नका. बाईच्या अंगावरून तिच्या सासरची परीक्षा घेऊ नका. तिची तब्येत कशी आहे, हे तिलाच विचारा. आणि ती सांगेल ते खरं माना.