नाव लिहू नका

मी सुतार. औषधांच्या दुकानातलं मला एवढंच कळतं की फडताळं कुणी केली. फडताळं मी केली, काउंटरही मीच केला. दुकान मात्र हिचं. बत्तीस वर्षं ही त्या काउंटरमागे उभी राहिली. पाच महिन्यांपूर्वी सकाळी चहा ठेवता ठेवता खाली बसली, ती उठलीच नाही. काही सांगायला, सोपवायला वेळ मिळाला नाही.

आता तिथे आमची सूनबाई उभी असते. तीही औषधांचंच शिकलेली. आधी मोठ्या रुग्णालयात होती. तिथे जाड काचेमागे बसायचं आणि काचेच्या भोकातून ओरडायचं. काच गेली, पण आवाज तेवढाच राहिला. घरात तिने हाक मारली की शेजारचे ओ देतात.

दुकानाच्या मागच्या खोलीत माझं काम चालतं. हिच्या खणात मला चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा सापडला होता. एका बाजूला बारीक छापलेलं, दुसरी बाजू कोरी. छापलेलं म्हणजे औषधांचंच काहीतरी असणार, आपल्याला काय करायचंय, असं म्हणून मी कोऱ्या बाजूवर मापं लिहायला लागलो. पाच महिन्यांत निम्मा गठ्ठा संपवला.

त्या शनिवारी अकराच्या सुमाराला मी दुकानात भिंतीवर टेप लावून उभा होतो. हिच्या फोटोला चौकट करायची होती. दुकानात गर्दी. पलीकडच्या गल्लीतले मास्तर खोकत होते, शिवणकाम करणारी बाई मलम मागत होती. तेवढ्यात निळा डगला घातलेली एक मुलगी आली. वीस-बावीसची असेल, कामावरूनच आलेली. ती काउंटरवर वाकून काहीतरी पुटपुटली.

"तातडीची गोळी?" सूनबाई म्हणाली. "किती तास झाले? शेवटची पाळी कधी आली होती?"

मास्तरांचा खोकला औषध न घेताच थांबला. शिवणवाल्या बाईची मान फिरली. मुलगी लाल झाली. "नको, खोकल्याच्या गोळ्या द्या," म्हणाली आणि त्याही न घेता बाहेर पडली.

गिऱ्हाइकं गेल्यावर सूनबाई माझ्याजवळ आली. तिचा चेहरा उतरला होता.

"बाबा, विचारल्याशिवाय कशी देऊ? विचारावंच लागतं."

"बरोबर आहे. विचारायलाच पाहिजे."

"मग आई काय करायच्या?"

बत्तीस वर्षं ह्या भिंतीमागे मी रंधा मारत होतो, पण असलं काही कधी कानावर आलं नाही. आठवलं ते एवढंच, की दुकान मध्येच गप्प व्हायचं आणि कागद फाडल्याचा आवाज यायचा.

कागद म्हटल्यावर मी हातातली चिठ्ठी बघितली. चौकटीचं माप नुकतंच लिहिलं होतं. उलटी केली, चष्मा लावला आणि पहिल्यांदाच वाचली.

'बोलायचं नसेल तर लिहा. किती तास झाले? शेवटची पाळी कधी? दुसरी औषधं चालू आहेत का? कुणी जबरदस्ती केली का? नाव लिहू नका. वाचून झालं की चिठ्ठी तुमच्यासमोर फाडली जाईल.'

सूनबाईने दोनदा वाचली आणि डोळे पुसले. मग एकदम म्हणाली, "बाबा, ती समोर बसच्या थांब्यावर बसलीय. जितका उशीर होईल तितका गर्भ रोखायचा गोळीचा जोर कमी. तीन दिवस उलटले तर गोळीचा फारसा भरवसा नाही. उद्या रविवार, आसपासचं एकही दुकान उघडं नसतं."

"द्या इकडे गोळी. नेऊन देतो."

"बाबा, तुम्ही सुतार आहात! गोळी मी देणार, तिच्याशी बोलून. तुम्ही तिला फक्त आणा. मी गेले तर उठून पळेल."

रस्ता ओलांडला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो. चिठ्ठी आणि कानावरची पेन्सिल मधे ठेवली.

"मी त्या दुकानातला. बोलायचं काही नाही. वाचलंस तर बरं."

तिने माझ्याकडे संशयाने बघितलं. मग चिठ्ठी उचलली.

"काका, हे काय? दीड फूट बाय वीस इंच?"

"ती मागची बाजू. माझ्या बायकोच्या फोटोची चौकट आहे. उलटी कर. तिकडचं तिने लिहिलंय."

तिने उलटी केली. सावकाश वाचली.

"ह्या बाई आहेत दुकानात?"

"नाहीत. फोटो तिचाच. आता सून असते. आवाज दांडगा आहे, पण माणूस चांगलं आहे. मागच्या दाराने ये. तिकडे लाकडाशिवाय कुणी नसतं."

बस आली. दार उघडलं. मी बसकडेच बघत राहिलो, म्हणजे तिच्याकडे बघायला नको. दार मिटलं, बस गेली. शेजारी पेन्सिलची कुरकुर ऐकू येत होती. तिने चिठ्ठीची चार वेळा घडी केली. आत काय लिहिलं ते मला आजही माहीत नाही.

मागच्या खोलीत सूनबाईने भुसा झटकून स्टूल पुढे केलं. मी दाराबाहेर पाठ करून उभा राहिलो. सूनबाई इतक्या हळू बोलू शकते हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटचं तेवढं ऐकू आलं. "दोन-तीन तासांत उलटी झाली तर लगेच परत ये. पाळी आठवड्यापेक्षा जास्त लांबली तर तपासून घ्यायचं. आणि ही रोजची गोळी नाही. पुढे काय वापरायचं ते बोलायला ये, कधीही."

"कुणी बघितलं तर?"

"बाबांकडे स्टूल करायला टाकलंय म्हण."

मुलगी हसली. मग पाण्याचा ग्लास ठेवल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ कागद फाडल्याचा. पाच महिन्यांनी तो आवाज ऐकला.

मी हिला जन्मभर चिडवलं, तुझ्या पोटात काही राहत नाही म्हणून. बहिणीची भांडणं, जावेचं आजारपण, सगळं तासाभरात माझ्यापर्यंत यायचं. आणि ह्या बाईने बत्तीस वर्षांत किती चिठ्ठ्या वाचल्या, किती फाडल्या, त्यातलं एक अक्षर मला कळू दिलं नाही. शेजारच्या उशीवर झोपत होतो मी. अशी माझी बायको होती. आता कुणी हिच्याबद्दल विचारलं तर पहिल्यांदा हेच सांगतो.

मुलगी गेल्यावर उरलेला गठ्ठा मी सूनबाईच्या हातात दिला. तिने तो काउंटरच्या खणात, हिच्याच जागी ठेवला. शेजारी माझी पेन्सिल ठेवली. नवीन छापून आणते म्हणाली, मजकूर तोच.

मग लक्षात आलं की चौकटीचं माप चिठ्ठीबरोबर गेलं. परत टेप काढला. दुसरं टोक सूनबाईने धरलं.

"कशावर लिहू, बाबा?"

मी तळहात पुढे केला.