शिरगावच्या धोंडाची काठी

कोरगावच्या घरी गौरेशचं लग्न झालं ते वर्ष २०२३. त्याची बहीण गौरवी कॅन्सरच्या वॉर्डात नर्स. लग्नाची रजा संपवून ती कामावर आली, तेव्हा हातावरची हळद अजून गेली नव्हती. नर्सेसच्या संघटनेचा सर्व्हे येऊन पडला होता. कॅन्सरच्या रोग्यांची सेवा करताना आधी कशावर संशोधन व्हावं, ते नर्सेसनीच ठरवायचं होतं. पहिल्या फेरीत त्यांनी सुचवलेले प्रश्न आता क्रम लावायला परत आले होते. तळाला राहतील ते गळणार होते.

गौरवीचा प्रश्न सगळ्यात खाली होता: ‘घरचे रोग्यापासून लपवतात, रोगी घरच्यांपासून. मध्ये उभ्या नर्सने काय करावं?’

“हो कोणी घातलो गो?” वॉर्डाची मुख्य रुक्मिणी सिस्टर खुर्ची ओढत म्हणाली. “दुखणां, उलट्यो, तोंडातले फोड, ह्यां वर घाल. ह्या प्रश्नाक औषध खंय आसा?”

“नाय, म्हणानच विचारलंय.”

“भावाच्या लग्नातला जेवण डोक्यात चढला तुझ्या!” हसत रुक्मिणी औषधं वाटायला गेली.

आणि टक, टक. खिडकीजवळच्या खाटेच्या कांबीवर वेताची काठी वाजली. गौरवीने मान वर केली नाही. खाट रिकामी होती, हे तिला माहीत होतं.

त्या खाटेवर जयराम होता. शिरगावचा, लईराई देवीचा धोंड. तरुणपणापासून दर जत्रेला व्रत धरून होमखंडाच्या निखाऱ्यांवरून अनवाणी चालणारा. काठी उशाशी ठेवायचा आणि नर्स हवी असली की कांबीवर वाजवायचा.

त्याची बायको पद्मावती पहिल्याच दिवशी गौरवीला बाजूला घेऊन म्हणाली होती, “बाय, तेंका सांगू नको हां. खचतले.”

पुढच्याच आठवड्यात काठी वाजली. “माका कळलां गो,” जयराम म्हणाला. “पण पद्माक सांगू नको. माका कळलां म्हणान कळला तर ती खचतली.”

गौरवीने दोघांनाही हो म्हटलं.

जत्रा आली. जयरामच्या पायांत अजून चार पावलांचं बळ होतं. निदान लांबून होमखंड बघता आलं असतं. पण पद्मावती म्हणाली, “यंदा रवांदी. फुडल्या वर्साक जावया.” तिला संशय येऊ नये म्हणून तोही हसून म्हणाला, “फुडल्या वर्साक तर जावयाच!” सलाईन बदलणारी गौरवी दोघांच्या मध्ये उभी होती. पुढचं वर्ष नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं. तिघांना ठाऊक आहे, हे मात्र तिला एकटीलाच.

जयरामचं दिवसकार्य उरकल्यावर पद्मावती वॉर्डात मोगऱ्याची फुलं घेऊन आली. “एक बरां झालां बाय. तेंका शेवटपर्यंत कळूक नाय. नाय तर जत्रेक गेल्याबिगर रवले नसते.”

गौरवीने होकारार्थी मान हलवली. त्या दुपारपासून काठी वाजत होती.

आताही वाजली. गौरवीने आपला प्रश्न उचलून सगळ्यात वर ठेवला. खाली कारण लिहायला जागा होती. तिथे तिने, पद्मावतीला जे सांगायला धीर झाला नव्हता ते, सगळं लिहिलं. शेवटची ओळ अशी होती:

शिरगावचे जयराम, वय एकसष्ट, २०२३ च्या मे महिन्यात, जत्रा हुकल्यावर, शेवटच्या सोमवारी सकाळी वारले. त्यांना सगळं माहीत होतं.