ढालीचे बटण

…आणि त्या बटणावरचे अक्षर आता पार पुसले गेले होते. अंगठ्याखाली लागत होता तो केवळ एक किंचित खोलगट, गुळगुळीत गोलावा, पाण्यात वर्षानुवर्षे लोळलेल्या गोट्यासारखा. बाकीची बटणे मात्र दुकानातून आणल्या दिवशी होती तशीच, अक्षरांसकट. त्याने व्हिडिओ गेमचा कंट्रोलर खिडकीच्या उजेडात धरला, तिरका करून पाहिला. झिजलेले होते ते ढालीचे बटण. शेजारी, सोफ्याच्या उशीवर, बायकोचा कंट्रोलर उपडा पडला होता. तो त्याने उगाच सुलटा केला — आणि तिचे ढालीचे बटण कोरे करकरीत होते, झिजले होते ते वार करण्याचे. एका सोफ्यावर, एका पडद्यासमोर, खांद्याला खांदा लावून बसलेल्या दोन माणसांची बोटे इतकी वर्षे दोन निरनिराळ्या ठिकाणी झिजत होती, आणि मला त्याचा गंधही नव्हता, असे त्याच्या मनात आले…

“चहा निवतोय,” बायको आतून म्हणाली. “आणि संध्याकाळचं लक्षात आहे ना?”

“आहे.”

“आज कुठे लढायचं? दगडी आखाड्यात, की पुलावरच्या?”

“तुला जे वाटेल—” एवढे बोलून त्याने ओठ मिटले. पण वाक्य अर्धे बाहेर पडले होते, आणि उरलेले अर्धे तिला पाठच होते. स्वयंपाकघरात कपाच्या बशीचा नेहमीपेक्षा थोडा मोठा आवाज झाला.

ती रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते आणि त्याच्या आधी घर सोडते. दाराबाहेर पडता पडता ती अर्धे पाऊल मागे आली, क्षणभर थांबली — महत्त्वाचे असेल ते ती नेहमी असेच बोलते, निघून गेल्यासारखे करून — आणि म्हणाली, “मुद्दाम हरायचं नाही हं. मला कळतं.”

दार लागले.

तसे पाहिले तर तक्रारीला जागा नव्हती. इंटरनेटवरच्या त्या खेळात तो कासव होता आणि ती गांधीलमाशी. हीच नावे पुढे घरातही रुळली. कासवाकडे दाराएवढी ढाल, गांधीलमाशीकडे दोन आखूड सुरे. राक्षस यावेत, कासवाने ढाल रोवावी, ढालीआडून गांधीलमाशीने उडी घ्यावी, आणि राक्षस पडल्यावर दोघांनी एकमेकांच्या पायांकडे पाय करून सोफ्यावर आडवे व्हावे, यापरता संसार तो आणखी काय असतो? शिवाय त्यात हरणारा कुणी खरा नसे. राक्षसाला बायको नसते, राक्षस रात्री जागत पडत नाही. दुसऱ्या खऱ्या माणसाला पाडून आनंद मानणे ही गोष्ट त्याला मुळातच हलकी वाटे. आणि हे मत त्याने मित्रांशी, मेव्हण्याशी, एकदा तर दाढीच्या दुकानात साबण लावलेल्या तोंडाने इतक्या हिरिरीने मांडले होते की, न्हाव्याने वस्तरा खाली ठेवून “तुमचंच खरं” म्हटले होते. एकोप्याची बाजू घेऊन मी किती जणांशी भांडलो आहे, हे आठवून त्याला आता चहा पिता पिता थोडे हसू आले.

पण अलीकडे ती आखाड्यात जाऊ लागली होती, जिथे माणसे माणसांशी लढतात. त्यासाठी प्रत्येकाला आपापला पडदा लागतो, म्हणून ती आतल्या खोलीतल्या संगणकावर बसे. भिंतीपलीकडून तिचे ओरडणे, हसणे, कुणा अनोळखी माणसाला दिलेली शाबासकी ऐकू येई, आणि सोफ्यावरची तिची जागा रिकामी असे — रिकामी, आणि मधोमध खोल गेलेली. परवा तिनेच त्याला आखाड्यात ओढले. आणि परवाच ते झाले…

ते आठवले की अजूनही कानाच्या पाळ्या तापत. गांधीलमाशीशी तो कसाबसा लढत होता, ढालीचा एक धक्का नकळत जोरात बसला, आणि पडद्याच्या कोपऱ्यात तिच्या उरलेल्या आयुष्याची पट्टी आखडून लाल झाली. ती लाल होताच जे इतकी वर्षे होत आले तेच झाले: कासव गर्रकन वळले, तिच्याकडे पाठ करून तिच्यापुढे उभे राहिले, आणि त्याने ढाल उगारली — रिकाम्या आखाड्यावर, जिथे कुणीही नव्हते. तिला जो मारत होता त्याच्यापासून तो तिला वाचवत होता. आणि तिला मारणारा तोच होता.

तिने पाठीत सुरा खुपसला नाही. कंट्रोलर हातात घेऊन ती दारात येऊन उभी राहिली. ती हसेल असे त्याला वाटले होते.

“इतकी वर्षं खेळात मी काय बघत आलेय, सांगू? तुझी पाठ.”

“अगं, सवय…”

“सवयच म्हणतेय मी.” मग अगदी मऊ आवाजात, “एकदा तोंड करून लढ माझ्याशी. नसेल जमत तर तसं सांग, मी रागावणार नाही. फक्त मग खेळायला दुसरं कुणीतरी बघीन.”

ती रागावली असती तर बरे झाले असते. ‘रागावणार नाही’ हे तिचे शब्द त्याने दोन दिवस खिशातल्या खड्यासारखे बाळगले होते.

आजचे त्याचे काम, लिफ्टच्या देखभालीचे, एका उंच इमारतीत होते. लिफ्टच्या डब्याच्या टपावर उभा राहून, कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात तो उभ्या अंधाऱ्या बोगद्यातून सावकाश वर चालला होता, रुळांवरून बोट फिरवीत. त्याचा जोडीदार कायम छपराखालच्या मोटारीच्या खोलीत बसे, म्हणून त्याला सगळे ‘वरचा’ म्हणत, आणि ‘वरच्याची कृपा’ हा विनोद इतका जुना झाला होता की त्यावर कुणी हसत नसे, पण तो केल्याशिवाय कामालाही सुरुवात होत नसे.

“आज गप्पसा?” फोनमधून वरचा म्हणाला.

“संध्याकाळी बायकोशी भांडायचंय.”

“ठरवून?”

“ठरवून.”

मोटारीच्या घरघरीवरून वरचा म्हणाला, “आमच्याकडे न ठरवता होतं. ठरवता आलं असतं तर आधी जेवून तरी घेतलं असतं.”

तेवढ्यात ते वरून आले. लोखंडी ठोकळ्यांची ती उंच चळत, काउंटरवेट, डबा वर जाताना खाली येणारी आणि डबा खाली येताना वर जाणारी, बोगद्याच्या बरोबर मध्यावर त्याच्या खांद्याशेजारून गेली, इतकी जवळून की तिचा गार वारा गालाला लागला. आयुष्यभर ती त्याच्या शेजारून जात आली होती. डब्यात उभ्या असलेल्या माणसाला तिचा पत्ताही नसतो. आपल्याला मोटार उचलते असे त्याला वाटते. पण दोराच्या दुसऱ्या टोकाला एवढे वजन उलट्या दिशेने ओढत नसेल, तर मोटारीची छाती फुटेल. म्हणजे मग… पण असले निष्कर्ष फार लवकर हाती येतात, आणि लवकर हाती आलेल्या निष्कर्षावर त्याचा विश्वास नव्हता. लोखंडाला दुखत नाही. लोखंड कुणाचे ‘रागावणार नाही’ दोन दिवस खिशात बाळगत नाही. दृष्टान्त म्हणजे पुरावा नव्हे, असे त्याने स्वतःलाच बजावले, आणि रुळाला तेल घातले.

तरीही तो गार वारा गालावर राहिला, आणि त्या वाऱ्यातून, काही कारण नसताना, लहानपणची एक दुपार आली… आई आणि मावशी जमिनीवर पत्ते मांडून बसलेल्या. मावशी आली की दुपारभर हेच. “लबाड आहेस, लहानपणापासून लबाड!” — “आणि तू? तुला तर हरताही येत नाही धड!” — पत्ते आपटले जात, आवाज चढत, आईचा चेहरा लाल होई. तो दाराआड चौकट घट्ट धरून उभा राही. आता ह्या दोघी पुन्हा कधी बोलणार नाहीत, अशी त्याची खात्री होती. म्हणून एकदा, त्या पाणी प्यायला उठल्या तेव्हा, त्याने बदामची राणी उचलली आणि गादीखाली सारली. खेळ बंद पडला. त्याला वाटले, मी दोघींना वाचवले. पण त्या दोघी सबंध घर धुंडाळत राहिल्या, खेळण्याऐवजी शोधत राहिल्या, आणि मावशी त्या दिवशी लवकर गेली. तिला सोडून आल्यावर आई कितीतरी वेळ मांडलेल्या पत्त्यांपाशी नुसतीच बसली होती. तो चेहरा त्याला दिसतो. लाल झालेला चेहरा आणि हा चेहरा… दोन्ही शेजारी ठेवून त्याने कधी पाहिलेच नव्हते. लाल झालेल्या त्या चेहऱ्यावर — आज बोगद्यात, डोळे मिटून, त्याने तो नीट न्याहाळला — आई हसत होती. इतके हसत होती की तिच्या डोळ्यांत पाणी होते, आणि मी ते पाणीच तेवढे पाहिले होते.

“अरे, आहेस ना?” वरचा विचारत होता. “खाली घेऊ का?”

“घे.”

संध्याकाळी ती आधी आली होती. सोफ्यावरचा तिचा कंट्रोलर जागेवर नव्हता. आतल्या खोलीतून उजेडाची एक पट्टी फरशीवर पडली होती.

“जेवून घ्यायचं का आधी?” त्याने विचारले, आणि वरच्याचा विनोद आठवून एकटाच हसला.

“लढ मुकाट्यानं. पूल घेतलाय मी.”

पहिला डाव संपायला वेळ लागला नाही. कासवाने ढाल रोवली. गांधीलमाशी ढालीवरून उडी मारून पलीकडे गेली, आणि संपले. भिंतीपलीकडून आवाज आला नाही. जिंकल्यावरही आवाज नाही, हे वाईट लक्षण होते.

दुसरा डाव. आता त्याने ढाल थोडी खाली धरली. एवढाच फरक, पण ढाल खाली येताच पलीकडचे दिसले. तिच्या पट्टीकडे मी हजार वेळा पाहिले असेल, पण तिच्याकडे…? जिला आपण राखतो तिच्याकडे पाहावे लागत नाही, ती सुखरूप आहे एवढे कळले की पुरते. कोपऱ्यात हिरवी रेघ दिसली की भागते. ती गांधीलमाशी कशी चालते, हे त्याला ठाऊकच नव्हते. ती टाचा उचलून चालत होती. गोल फिरत होती, पुलाच्या कठड्याला घासून, घाई न करता. आणि मग ती अर्धे पाऊल मागे आली, क्षणभर थांबली…

दार. सकाळचे दार. निघून गेल्यासारखे करून मागे येणारे ते अर्धे पाऊल!

आता ती झेपावणार, हे त्याला विचार करण्याच्या आधी कळले होते. इतक्या वर्षांच्या सहवासाने दिलेले हे ज्ञान त्याने कधी तिला लागेल असे वापरले नव्हते. ते वापरावे की नाही ह्याचा ऊहापोह करायला त्याने एरवी आठवडा घेतला असता. कासव एक पाऊल बाजूला सरले, झेप रिकामी गेली, आणि ढालीची कड गांधीलमाशीच्या कुशीत अशी बसली की ती पुलावरून घसरत कठड्यापर्यंत गेली.

आतून किंकाळी आली. “अरे मेल्या!”

तो अर्धा उठलाही. आणि मग भिंतीपलीकडून हसू आले, मोठे, बेशिस्त. पाहुण्यांत, माहेरी, अनोळखी माणसांशी खेळतानासुद्धा त्याने कधी न ऐकलेले. “कसं कळलं तुला? कुणालाच कळत नाही ते! सांग ना!”

“नाही सांगणार.”

हे तो म्हणाला होता. ‘तुला जे वाटेल ते’ न म्हणता, ‘नाही’ म्हणाला होता. आणि ते तोंडातून निघताना किती गोड लागले, ह्याचे त्याला नवल वाटत राहिले.

“बघतेच तुला, कासवा!”

गांधीलमाशी कठड्याला धरून उठत होती. कोपऱ्यातली तिची पट्टी लाल झाली होती, आणि अंगठा आपोआप त्या झिजलेल्या, गुळगुळीत खोलगटपणाकडे निघाला होता — जुन्या घराच्या वाटेवर पाय आपणहून वळावेत तसा. वळ, पाठ कर, ढाल उगार. अंगठा तिथे पोचला आणि थांबला. दाबला नाही, उचललाही नाही. शेजारचे अक्षर, वार करण्याचे, त्या उजेडात अगदी स्वच्छ दिसत होते, जणू कुणी आत्ताच छापले होते. ह्यापुढे काय होईल हे मला माहीत नाही, माझा अंगठा कुठे जाईल हेही नाही. एवढेच माहीत आहे की मी तिच्याकडे बघतो आहे, ती टाचा उचलून माझ्याकडे येते आहे, आणि तिने धडधाकट उठावे, पूर्ण बळाने उठावे असे मला वाटते आहे — ते तर नेहमीच वाटत आले, पण आज ते तिने मला मारावे म्हणून, आणि इतक्या अधीरपणे, की श्वास घ्यायचा राहून गेला आहे…