पाठ न करायची चिठ्ठी

धुरपताबाईला वाचता येत नव्हतं, तरी रोज सकाळी ती आपल्या भाडेकरूच्या, लायबाच्या खोलीत जाऊन भिंतीवरच्या चिठ्ठ्यांवरून बोट फिरवायची. शरीरातलं सर्वांत लहान हाड कानात असतं, उंटाच्या तांबड्या रक्तपेशी लंबगोल असतात, असलं कायबाय त्यांवर लिहिलेलं. हिमायतनगरची ही पोरगी डॉक्टर व्हायचं म्हणून लातूरच्या क्लासला आलेली. मावशी भिंतीच्या रंगाला जपते, असं तिला वाटायचं.

रंग गेला उडत! चिठ्ठ्यांखाली केसाएवढी भेग होती. भूकंपात किल्लारीकडच्या गावात धुरपताबाईची लहानगी लेक विशाखा दगडांखाली गेली. मग ती लातूरला भावाकडे आली. तिथं इंजिनिअरनं भेगांवर कागदाच्या पट्ट्या डकवल्या होत्या. पट्टी फाटली की भेग वाढली, घरात थांबायचं नाही. एक फाटली, तिनं सगळ्यांना ओढून बाहेर काढलं आणि मागाहून ती भिंत खरंच बसली. तेव्हापासून माणसापेक्षा तिचा कागदावर जास्त भरवसा. स्वतः ती स्लॅबखाली झोपतच नसे. अंगणातल्या पत्र्याखाली तिची बाज.

परीक्षा तोंडावर आली आणि एका सकाळी भेगेवरच्या दोन-तीन चिठ्ठ्या मधोमध फाटलेल्या दिसल्या. तिनं तशीच गादी उचलली.

लायबा क्लासहून परतली तर गादी, पुस्तकं, सगळं अंगणात.

"मावशी, हे काय?"

"आत पाऊल टाकायचं न्हाई. भिंत सरकून राहिली."

"परीक्षा डोक्यावर आलीय माझी! अब्बूंना सांगते, दुसरी खोली बघते."

"बघ. कुठंबी जा, पर आत न्हाई." म्हातारी दारात आडवी उभी राहिली. "कागद फाटलाय, माय. फाटल्यावर काय व्हतं ते म्या बघितलंय."

लायबानं काढलेला फोन परत ठेवला. "कोणता कागद?"

मग धुरपताबाईनं सगळं सांगितलं. भाडेकरूंपुढे कधी न काढलेलं विशाखाचं नावसुद्धा.

"मावशी, त्या मी फाडल्या," लायबा हळूच म्हणाली. "परीक्षा जवळ आली की पाठ झालेली चिठ्ठी मधून फाडायची. आमच्या क्लासच्या सगळ्या पोरी तसंच करतात."

धुरपताबाई मटकन बाजेवर बसली. आधी हसली, मग हसता हसताच पदर डोळ्यांना लावला. "लई पाठ झालं म्हण की!"

लायबानं सामान आत नेलं आणि भेगेवर एक नवी चिठ्ठी डकवली. "ही मी पाठ करणारच नाही. ही तुमची."

"काय लिवलंय?"

"लहान लेकरांना मोठ्यांपेक्षा जास्त हाडं असतात. वाढता वाढता ती जुळतात."

धुरपताबाईनं चिठ्ठीवरून बोट फिरवलं. "माझ्या विशाखाची जुळायची राहिली."

 लायबानं मावशीचा हात धरला आणि सोडला नाही.

संध्याकाळी धुरपताबाईनं बाज अंगणातून ओढत खोलीच्या दारात आणली आणि तिथंच अडली.

"पोरी, डोकं आत ठेवू का पाय?"

"आज पाय ठेवा," लायबा म्हणाली. "डोक्याचं परीक्षेनंतर बघू."