तळपायाचे मार्क

दवाखान्यातल्या सिस्टरने मधुमेहवाल्यांसाठी नवीच परीक्षा काढली होती. आपल्या पायांची काळजी आपल्याला घेता येईल याची खात्री किती, ते प्रत्येकाने दहापैकी सांगायचं. सलूनवाले काका खुर्चीत ऐसपैस बसले आणि मार्क वाटत सुटले. स्वतःलाच द्यायचे असल्यावर माणूस कंजुषी कशाला करेल?

"रोज तळपाय बघता येतील?"

"दहा."

"जखम दिसली तर त्याच दिवशी घरात सांगाल?"

"दहा! लिहा बिनधास्त."

शेजारी बसलेल्या बायकोने नाक मुरडलं. "सिस्टर, यांचं डोकं दुखलं तरी मला शेजाऱ्यांकडून कळतं."

"बरं, आता बघून दाखवा," सिस्टर म्हणाली.

काकांनी मोजा काढला, पाय वर घ्यायला गेले, तर मध्ये पोट. सिस्टरने छोटा आरसा हातात दिला. गिऱ्हाइकांना मानेमागचं दाखवण्यात काकांचा जन्म गेला, पण आरसा स्वतःच्या पायाखाली कधी धरला नव्हता. हातच्या काकणाला आरसा नको म्हणतात. तळपायाला मात्र लागतो. करंगळीच्या बेचक्यात लाल, ओली जखम होती आणि तिच्यात कापलेला केस काट्यासारखा रुतला होता. पातळ मोजे आणि उघड्या चपला घालून दिवसभर केसांत उभं राहायचं, मग दुसरं काय होणार! दुखलं असतं तर कळलं असतं, पण साखरेने पायांची जाणीवच बोथट केली होती.

"म्हणून मोजे स्वतः धुवायला लागलात होय!" बायको म्हणाली. "मला वाटलं, उतारवयात शहाणपण सुचलं."

मोज्यावरचा डाग काकांनी पाहिला होता आणि कानाडोळा केला होता. धंदा उभ्याचा, पाय गेला की दुकान गेलं. डाग दिसल्यापासून त्यांची पाचावर धारण बसली होती आणि मघाची फुशारकी त्या भीतीपोटीच होती.

"पाय जाईल का हो?" काकांनी विचारलं.

"वेळेवर सापडलंय. डॉक्टर केस काढतील, ड्रेसिंग करतील. पण मी सांगेपर्यंत उभं राहायचं नाही. आणि आता खरे मार्क सांगा."

"बघायचे तीन," काका म्हणाले. "सांगायचे... शून्य."

बायकोने टोमणा मारला नाही. काकांना त्याचंच जास्त लागलं.

"छान," सिस्टर म्हणाली. "दहावाल्याला मी काय शिकवणार होते?"

जखम भरायला वेळ लागला. तोवर दुकान धाकट्या भावाने सांभाळलं आणि डोक्यांचं जे झालं ते गिऱ्हाइकांनी मुकाट्याने सोसलं. काका दवाखान्यात परत आले ते बंद बूट घालून. सिस्टरने तेच प्रश्न विचारले. बघण्याचे त्यांनी सात दिले. सांगण्याच्या प्रश्नावर मात्र त्यांनी बायकोकडे बोट दाखवलं.

"हिला विचारा."

"काल संध्याकाळी पाय बघत बसले होते," बायको सांगू लागली. "मी कपड्यांच्या घड्या घालत होते. तर म्हणाले, 'अगं, इकडे ये. मला भीती वाटतेय.' लग्न झाल्यापासून यांच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं. हातातलं टाकून धावले."

"मग? काय होतं?"

"काही नव्हतं हो, मोज्याची शिवण उमटली होती," ती म्हणाली आणि डोळे पुसत हसायला लागली. "पण हाक मारली ना मला!"