कंपनगुरूंच्या पेटीतले डास

पेटी काचेची होती आणि आत इतके डास होते की ती करडी दिसत होती. कंपनगुरूंनी बाही वर सरकवली, मनगटावरचं तांब्याचं कडं सगळ्यांना दाखवलं आणि पेटीच्या कापडी तोंडातून हात कोपरापर्यंत आत घातला.

पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही, हा पाणबुड्यांचा पहिला नियम. त्या दिवशी आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत सगळ्यांनी तो कोरड्यात बसून मोडला.

गुरूंनी हात बाहेर काढला. एकही गांधी नाही. त्वचा अशी की साबणाच्या जाहिरातीला द्यावी.

"डास रक्त शोधत नाही," गुरू म्हणाले, "तो कंपनं शोधतो. कडं घातलं की तुमचं रक्त त्याला ऐकूच येत नाही."

"आणि झोपेत?" एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"झोपेत कडं जास्त जागं असतं."

बाईंनी मान डोलावली. ह्याच बाई आमच्याकडे पाण्याखालचा चष्मा विकत घेताना काचेची जाडी विचारायच्या.

दुकान माझ्या दादाचं. पाण्यात उतरायचं सामान विकायचं आणि वर्षातून एकदा मंडळी गोळा करून उष्ण समुद्रातली प्रवाळं दाखवायला न्यायची, हा त्याचा धंदा. टाक्यांत हवा भरायचं काम माझं. दादाचा एक खाक्या होता: पाण्यात उडी मारण्याआधी प्रत्येकानं आपल्या जोडीदाराची टाकी, नळी आणि पट्टे स्वतःच्या हातानं तपासायचे. कुणी लाजलं, की तो म्हणायचा, "विश्वास आहे ना? मग तपास की. विश्वास कुठे पळून जात नाही." मी भरलेली टाकीसुद्धा तो तपासायचा, आणि मी सख्खा भाऊ.

यंदाची बेटं हिवतापाची होती. लशी आणि गोळ्यांसाठी सगळ्यांनी आमच्या मावशीच्या दवाखान्यात जायचं ठरलं होतं. मावशीचं कामच ते: परदेशी निघालेल्यांना सुया टोचणं आणि त्यांच्या शंका ऐकणं. शंकांनी जास्त दुखतं, असं ती म्हणते.

"गोळ्या घ्या, जरूर घ्या!" गुरू हसत म्हणाले. "आणि खोल पाण्यात डोकं गरगरायला लागलं, की मला तिथून फोन करा."

खोली हसली. गोळ्या तिथेच मेल्या. दादानं सगळ्यांच्या वतीनं मावशीला फोन करून भेट रद्द केली.

पुढच्या खेपेला गुरू कडी वाटायला आले, तेव्हा मावशी दवाखान्याच्या कोटातच येऊन थडकली.

"गरगरायचं खरं आहे," तिनं सुरुवातच तिथून केली. "एका गोळीनं गरगरतं. म्हणून पाणबुड्यांना ती मी देत नाही, दुसरी देते. त्यासाठीच तर मी बसलेय. हे ह्यांनी अर्धंच सांगितलं, आणि तुम्ही अर्ध्यावरच टाळ्या वाजवल्या."

"ताई, विज्ञानाचा मी आदर करतो," गुरू म्हणाले.

"करा. आता बाजूला व्हा." मावशीनं घड्याळ आणि बांगडी काढली आणि नुसता हात पेटीत घातला. आम्ही वाट पाहिली. डास तिच्या हातावर बसले, इकडेतिकडे फिरले आणि कंटाळून उडाले. एकही चावला नाही.

"माझं कडं कुठाय?" तिनं विचारलं.

"मी खोलीत आहे ना," गुरू म्हणाले. "माझी कंपनं सगळ्यांना पुरतात."

मावशीनं एक डास चिमटीत धरून बाहेर काढला, भिंगाखाली ठेवला आणि मला वाकवलं. "डोक्यावर काय दिसतं?"

"पिसं. झुपकेदार. मिशांसारखी."

"नर आहे. नर चावतच नाही, त्याला रक्त लागत नाही. चावते ती मादी, तिला अंड्यांसाठी रक्त हवं असतं. नराचे कोष लहान असतात, तो आधी बाहेर पडतो. बादलीत डास पाळले की नर वेगळे काढणं सोपं. आणि कोपऱ्यातला तो कापूस?"

"ऊर्जाबोळा," गुरू म्हणाले.

मी बोळा बाहेर काढून चाटला. "गोड आहे," मी जाहीर केलं.

"साखरेचं पाणी. ह्यांचं जेवण. ही अख्खी पेटी शाकाहारी आहे," मावशी म्हणाली. "हिंमत असेल तर बाहेरच्या माद्या पकडून ह्यात सोडा आणि मग हात घाला."

मला वाटलं, संपलं. गुरूंनी डोळे मिटले आणि हळूच उघडले.

"म्हणजे," ते म्हणाले, "एकही मादी माझ्या पेटीत टिकली नाही. ऐकलंत? डॉक्टरांनीच सांगितलं."

टाळ्या पडल्या. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन कडी घेतली, एक नवऱ्यासाठी. तो येणारही नव्हता.

मावशीनं दादाचा दंड धरला. "अरे, तू तरी. माझ्या हातची नळी तू तपासल्याशिवाय तोंडात घालणार नाहीस."

"मावशी, मी श्रद्धेनं नाही म्हणत. हात आत गेलेला डोळ्यांनी पाहिलाय."

"हात पाहिलास. डास पाहिलास का?"

त्यानं कडं चढवलं. मी पाहत होतो. मी विनोद केला, की आता बेटावरच्या माद्यांना कळवलं पाहिजे. तो हसला. त्याला माझे विनोद आवडायचे, हा त्याचा दुसरा भाबडेपणा.

सहलीहून परत आल्यावर काही दिवसांनी दादाला ताप भरला, सांधे ठणकू लागले. पाणबुड्याचे सांधे दुखले की त्याच्या मनात एकच येतं: वर येताना घाई झाली, रक्तात बुडबुडे अडकले. त्यावर पहिला उपाय ऑक्सिजन. दादा दुकानात मागच्या खोलीत बसून ऑक्सिजनच्या नळीतून श्वास घेत राहिला. घामानं चिंब झाला आणि ताप उतरला.

"बघ," तो म्हणाला, "ऑक्सिजन."

ताप पुन्हा चढला. मावशी गावाबाहेर होती. ती फोनवर ओरडत होती, "रक्त तपासा, आत्ता, कुठेही!" दादानं आधी गुरूंना विचारलं. गुरू म्हणाले, ताप म्हणजे कडं अंगाशी जुळतंय. ताप उतरला तेव्हा कडं जुळलं. पुन्हा चढला तेव्हा ते अधिकच जुळत होतं. दादा मला ओळखेनासा झाला, तेव्हा मी त्याला उचलून गाडीत घातलं.

इस्पितळात रक्त तपासायला फार वेळ लागला नाही. हिवताप होता, मेंदूपर्यंत गेलेला. हात सुजला होता म्हणून नर्सनं कडं कापून काढलं. दादा पहाटे गेला.

गुरू घरी भेटायला आले. आईसमोर बसले, डोळे पुसले. "कडं काढायला नको होतं," ते म्हणाले. आईनं माझ्याकडे पाहिलं. ती अजूनही कधीकधी तसं पाहते.

आता दुकान मी चालवतो. मीही एक पेटी केलीय. नर डास पाळतो, कापूस गोड ठेवतो. सहलीआधी मंडळी जमली की नुसता हात आत घालतो, बाहेर काढतो आणि भिंग देऊन युक्ती सांगतो: पिसं बघा, हे नर आहेत, हा कापूस चाखा, ह्यात काही चमत्कार नाही. सगळे बघतात, चाखतात, हं म्हणतात.

मग पांगापांग झाली की कुणीतरी मागे रेंगाळतं. परवा एक धट्टाकट्टा गडी आला, हळू आवाजात म्हणाला, "कड्याशिवाय जमतं म्हणजे तुमची सिद्धी गुरूंच्या वरची. माझ्या डोक्यावर तेवढा हात ठेवा ना."

मी त्याला मावशीच्या दवाखान्याचा पत्ता दिला. त्यानं तो कागद घडी करून गळ्यातल्या ताइतात ठेवला.

म्हणून इथे लिहून ठेवतो, कुणी वाचलं तर. निघण्याआधी बरेच दिवस अगोदर डॉक्टरकडे जा आणि पाण्यात उतरणार आहात हे सांगा. लशी घ्या. गोळ्या सांगितल्या तितके दिवस घ्या, परत आल्यावरही. अंग झाका, डासांचं मलम लावा, मच्छरदाणीत झोपा. आल्यावर ताप भरला तर कुठे जाऊन आलात ते पहिल्या वाक्यात सांगा आणि रक्त तपासा. आणि कुणी पेटीत हात घालून दाखवला, तर हात बघू नका. डास बघा.

ह्यातलं काहीही माझ्यावर विश्वास ठेवून करू नका. तपासा.