पहिली सापडलेली सून

आरोग्य कार्यालयाच्या भिंतीवरच्या नोटिशीत सूनबाईचा फोटो तेवढा लावायचा राहिला होता. बाकी घर, गल्ली, विमानाची तारीख, सगळं होतं. ‘साथ देशात आणणारी पहिली रुग्ण.’ दुसऱ्या दिवसापासून सासूच्या शिवणाच्या दुकानाची पायरी कुणी चढेना. सूनबाई तापातून उठली ती थेट बॅग भरायला लागली.

“मी माहेरी जाते, आई. माझ्यापायी तुमचं नाव गेलं.”

“माझं नाव एवढं लेचंपेचं नाही. ठेव ती बॅग.”

सासूला अख्खी गल्ली कात्रीबाई म्हणायची, अर्थात पाठीमागं. ती तडक सुनेचा नमुना तपासलेल्या प्रयोगशाळेत गेली आणि बाकावर ठाण मांडून बसली. रोज जायची, रोज बसायची. नवव्या दिवशी तिथल्या डॉक्टरीणबाईंनीच तिला आत बोलावलं.

“विषाणू स्वतःच्या नकला काढतो, आजी. नकलेत एखादं अक्षर चुकतं. ती चूक पुढच्या सगळ्या नकलांत जाते.”

“हे मला शिकवतेस? दुकानातली नवी बाई मापाचा मूळ कागद बाजूला ठेवून देते आणि कापलेल्या कापडावरूनच दुसरं कापते. आधीची चूक उतरतेच, वर तिची स्वतःची एक. चुका बघून मी सांगते कुठलं कशावरून कापलं.”

डॉक्टरीणबाई हसल्या. “मग हे बघा. बंदरावरच्या एका हमालाचा नमुना, तुमची सून उतरायच्या दहा दिवस आधीचा. यात एक चूक आहे. सुनेच्या नमुन्यात तीच, वर आणखी दोन. ती ज्या देशातून आली, तिथल्या नमुन्यांत ही चूक कुठंच नाही.”

“म्हणजे तिला इथं आल्यावर लागलं.”

“हो. साथ निदान सहा वाटांनी देशात शिरली. सून फक्त आधी सापडली.” त्यांनी दुसरा कागद पुढं सरकवला. “पण शेजारच्या नवराबायकोत सुनेच्या तिन्ही चुका आहेत. त्यांना बहुतेक तुमच्याच घरातून गेलं.”

कात्रीबाईचा चेहरा उतरला. शेजारीण अजून अंथरुणावर होती.

“तेही लिहून दे,” ती म्हणाली.

कार्यालयातल्या साहेबानं कागद वाचला. “नोटीस काढून टाकतो, आजी. विषय संपला.”

“काढायची नाही. त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दुसरी लाव. लिही, सुनेनं साथ आणली नाही, आम्ही चुकलो.”

“चुकलो म्हणायची आमच्यात पद्धत नाही.”

“मग आजपासून पाड. शेजाऱ्यांना आमच्याकडून लागलं, तेही खाली लिही. आम्ही आमचं झाकत नाही, तू तुझं झाकू नकोस.”

“आणि नाही लिहिलं तर?”

“तर उद्यापासून माझं मशीन तुझ्या दारात. येईल त्याला तोंडानं सांगीन. माझं तोंड तुला ठाऊक आहे.”

साहेबानं पेन उघडलं.

संध्याकाळी भिंतीपुढं गर्दी जमली. कात्रीबाईनं सुनेला दंडाला धरून पुढं उभं केलं.

“वाच. मोठ्यानं.”

सूनबाईनं घसा खाकरला. दोघंतिघं पटकन मागं सरले.

“सरा, सरा,” कात्रीबाई म्हणाली, “ऐकू येईल एवढं जवळ राहा, म्हणजे झालं.”